बटण दाबल्यावर कोण येणार? एकट्या ज्येष्ठांच्या घरातील साहाय्यक साधने

मुले बंगळुरूत किंवा अमेरिकेत आणि सत्तरी ओलांडलेले आई-वडील पुण्या-मुंबईच्या सदनिकेत, हे चित्र आता नवे राहिलेले नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील साठीपुढील नागरिकांची संख्या दहा कोटींहून अधिक होती. त्यांपैकी अनेकांना वृद्धाश्रम नको असतो आणि परक्या गावी मुलांच्या घरी पाहुण्यासारखे राहणेही नको असते. स्वतःच्या घरात, स्वतःच्या वेळापत्रकाने जगण्याची ही इच्छा निभावून नेणाऱ्या साधनांना ‘साहाय्यक तंत्रज्ञान’ म्हटले जाते. शब्द भारदस्त असला तरी त्यात साध्या काठीपासून मनगटावरील घड्याळापर्यंत सारे काही येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये अशा ५० प्राधान्याच्या साधनांची यादी प्रसिद्ध केली. तीत श्रवणयंत्र आणि चाकांची खुर्ची यांच्या पंगतीला भिंतीवरचा आधारदांडा आणि गोळ्यांची कप्पेदार डबीही आहे.

एकट्या राहणाऱ्या वृद्धाला सर्वांत मोठा धोका असतो तो पडण्याचा. त्यातही हाड मोडण्यापेक्षा घातक ठरते ते पडल्यावर उठता न येणे. कित्येक तास फरशीवर पडून राहिल्यास शरीरातील पाणी कमी होते, दबलेल्या स्नायूंची झीज होऊन त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो, न्यूमोनियाची आणि त्वचेवर जखमा होण्याची भीती असते. म्हणूनच गळ्यात घालायच्या ‘मदतीच्या बटणा’ची कल्पना पुढे आली. बोस्टनचे मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू डिब्नर यांनी १९७४ मध्ये ‘लाइफलाइन’ ही सेवा देणारी कंपनी स्थापन केली. बटण दाबताच घरातील दूरध्वनीवरून मदत केंद्राला वर्दी जाते, तेथील माणूस बोलतो आणि गरज पडल्यास शेजारी किंवा रुग्णवाहिका पाठवतो, अशी ही व्यवस्था. अलीकडे हे काम मनगटी घड्याळही करते. अ‍ॅपलने २०१८ मध्ये आणलेल्या घड्याळात माणूस जोराने पडल्याचे ओळखून, काही काळ हालचाल न झाल्यास आपोआप संपर्क साधण्याची सोय आली.

तथापि, बटण असणे आणि ते दाबले जाणे यांत मोठे अंतर आहे. केंब्रिज येथील संशोधकांनी नव्वदीपुढील ११० जणांचा वर्षभर मागोवा घेऊन २००८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष मांडले. वर्षभरात ६० टक्के जण पडले. पडलेल्यांपैकी ८० टक्क्यांना निदान एकदा तरी स्वतःहून उठता आले नाही आणि ३० टक्के जण तासाभराहून अधिक काळ जमिनीवर पडून होते. मदतीचे बटण बहुतेकांच्या घरी होते, पण दीर्घकाळ पडून राहावे लागलेल्या बहुतांश प्रसंगी ते वापरलेच गेले नाही. उगाच कुणाला त्रास नको, रुग्णालयात नेतील आणि मग घरी परतू देणार नाहीत, ही धास्ती आपल्याकडील आजी-आजोबांच्या बोलण्यातही ऐकू येतेच. शिवाय स्नानाच्या वेळी बटण खुंटीला लटकलेले असते आणि निसरडी फरशी नेमकी न्हाणीघरातच असते!

दुसरी अडचण खास आपल्या घरांची. रात्री आतून कडी, वर लॅच आणि बाहेर लोखंडी सुरक्षा-दार. वर्दी मिळूनही मदतनीस दाराबाहेरच खोळंबतो. त्यामुळे कोणतेही यंत्र घेण्यापूर्वी बाहेरून किल्लीने उघडणारे कुलूप बसवून एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावी आणि आतील कडी शक्यतो लावू नये.

ज्यांना बटण नकोसे वाटते त्यांच्यासाठी जपानने वेगळीच वाट शोधली. झोजिरुशी या कंपनीने २००१ मध्ये ‘आय-पॉट’ ही विजेवरील पाण्याची किटली बाजारात आणली. वृद्ध व्यक्तीने चहासाठी पाणी घेतले की त्याची नोंद होते आणि दूरच्या नातलगाला ई-मेलने कळते. किटली गप्प राहिली तर चौकशी करायची. दारातली दुधाची पिशवी नऊ वाजेपर्यंत उचलली गेली नाही की शेजारणीने बेल वाजवावी, हाच तो जुना रिवाज, फक्त बिनतारी. अलीकडचे दार उघडल्याची किंवा खोलीतील हालचालीची नोंद घेणारे संवेदक याच तत्त्वावर चालतात. कॅमेऱ्यापेक्षा ते बरे, असे आमचे मत. मुलाने परदेशातून चोवीस तास आईच्या स्वयंपाकघरात डोकावावे, ही काळजी असली तरी तिला विचारल्याविना केलेली पाळतच ठरते.

खर्चाच्या दृष्टीने पाहता सर्वाधिक उपयोग होतो तो स्वस्त वस्तूंचा. कमोडशेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्के ठोकलेले आधारदांडे हवेत. टॉवेलची दांडी माणसाचा भार पेलत नाही. पलंगापासून शौचालयापर्यंत हालचालीने उजळणारे दिवे लावावेत. काठीची मूठ, हात खाली सोडून उभे राहिल्यावर मनगटाच्या घडीशी यावी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते, हे अनेकांना ठाऊक नसते. तळाचे रबरी बूच झिजले की बदलावे. विसराळूपणा वाढला असेल तर ठरावीक वेळेने आपोआप बंद होणारी इंडक्शन शेगडी गॅसपेक्षा सुरक्षित.

जपानमध्ये २००० सालापासून लागू असलेल्या शुश्रूषा विम्यातून घरात दांडे बसवणे, उंबरे काढणे अशा कामांना २ लाख येनच्या मर्यादेत साहाय्य मिळते. आपल्याकडे हा खर्च बहुधा पदरचाच. अल्प उत्पन्न गटासाठी मात्र केंद्राची ‘राष्ट्रीय वयोश्री योजना’ २०१७ पासून आहे. तीत अलिम्को या सरकारी कंपनीमार्फत काठ्या, वॉकर, श्रवणयंत्रे, चष्मे, कवळ्या मोफत दिल्या जातात. महाराष्ट्रात २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री वयोश्री योजना’ आली. तिच्यात ६५ वर्षे पूर्ण केलेल्या, दोन लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना एकरकमी ३ हजार रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. माहिती आणि तक्रारींसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. ती तातडीची सेवा नव्हे. त्यासाठी ११२, आणि रुग्णवाहिकेसाठी राज्यात १०८.

एक बाब विक्रेते सहसा सांगत नाहीत. जुना दूरध्वनी वीज गेली तरी चालत असे. आजची उपकरणे घरच्या वाय-फायवर विसंबतात आणि वीज जाताच वाय-फायही जाते. ब्रिटनमध्ये अशी वर्दी-यंत्रणा वापरणारे सुमारे १८ लाख जण आहेत. तेथे तांब्याच्या तारांची सेवा बंद करताना काही घरांतील यंत्रे मुकी झाल्याने २०२३ च्या अखेरीस सक्तीचे बदल थांबवावे लागले आणि पुढे जानेवारी २०२७ ही मुदत ठरवण्यात आली. यंत्र घेताना त्यात सिमकार्ड आणि बॅटरी आहे का, हे विचारावे. महिन्यातून एकदा ज्येष्ठांनी स्वतः बटण दाबून पाहावे आणि पलीकडून कोण, किती वेळात बोलते, हे कॅलेंडरवर टिपून ठेवावे.