दुष्काळ आणि ‘दुष्काळसदृश’

मंडळी, धामणगाव बढ्यात उभं राहून दुष्काळाचा अर्थ सांगणं हे धाडसच. अर्थ तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आम्ही फक्त या शब्दाचं बातमीत काय होतं, ते सांगणार आहोत.

पेपरच्या क्रीडापानावर हा शब्द मोकळा फिरतो. ‘पदकांचा दुष्काळ संपला’ असं लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. पण पाऊस दडी मारतो, कपाशी करपते, विहिरी आटतात, तेव्हा त्याच पेपरात ‘टंचाई’ येते, ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ येते. हे शब्द बातमीदाराचे नव्हेत. ते शासन निर्णयातून जसेच्या तसे उतरतात.

याचं मूळ जुनं आहे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारनं आयोग नेमला. १८८० साली त्याचा अहवाल आला आणि पुढं दुष्काळ संहिता झाल्या. त्यांत ‘फॅमिन’ आणि ‘स्कार्सिटी’ या दोन वेगळ्या पायऱ्या होत्या. वरच्या पायरीचं नाव उच्चारलं की सरकारची जबाबदारी वाढायची.

स्वराज्यात काय झालं? १९६३ साली महाराष्ट्रानं चक्क कायदा करून राज्यातल्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्दच काढला आणि तिथे ‘स्कार्सिटी’, म्हणजे टंचाई, आणली. हेतू वाईट होता असं आम्ही म्हणत नाही. राज्य इतकं सावध राहील की तशी वेळच येणार नाही, असा तो विश्वास होता. पण नऊच वर्षांत १९७२ उजाडलं. पुढच्या उन्हाळ्यात जवळजवळ ५० लाख माणसं सरकारी कामांवर खडी फोडत होती. त्या सालाला ‘बहात्तरची टंचाई’ म्हणणारा माणूस आम्हाला आजवर भेटलेला नाही. लोक ‘बहात्तरचा दुष्काळ’च म्हणतात.

आता ‘सदृश’कडे वळू. न्यायदर्शनात गवयाचं उदाहरण आहे. गवय म्हणजे रानातला गायीसारखा प्राणी. आम्ही वर्गात विचारायचो, यातून काय कळतं? पोरं बरोबर सांगायची : सर, तो गाय नव्हे! ‘सदृश’ म्हटलं की साम्य मान्य होतं आणि ती वस्तू मात्र नाकारली जाते.

२०१५ च्या ऑक्टोबरात सरकारनं हजारो गावांत ‘दुष्काळसदृश’ स्थिती जाहीर केली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. शेवटी मे २०१६ मध्ये सरकारनं कळवलं की जिथे ‘दुष्काळसदृश’ लिहिलंय, तिथे ‘दुष्काळ’ वाचावं. एक शब्द दुरुस्त व्हायला सात महिने लागले. तोवर उन्हाळा सरत आला होता.

२०२३ साली ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यात आपल्या जिल्ह्यातले बुलढाणा आणि लोणार होते. शिवेला शीव लागून असलेला मोताळा त्या यादीत नव्हता. वीजबिलातली सूट, कर्जवसुलीला स्थगिती, पोरांची परीक्षा फी, हे सगळं त्या नावामागून येतं. म्हणून नाव देणं हे वर्णन नसतं, ती कबुली असते.

बातमीदार मित्रांना आमचं एवढंच सांगणं आहे : सरकार काय म्हणतं ते जरूर छापा. पण शेजारच्या ओळीत विहिरीला किती हात पाणी उरलंय, तेही छापा. मग कोणता शब्द खरा, ते वाचणारा ठरवेल.