गाडी विकतची, पेटी घरची

१८६६पूर्वी टेक्सासच्या गुराख्याचे स्वयंपाकघर खोगिराच्या थैलीत मावत असे. मक्याचे पीठ, वाळवलेले मांस, थोडी कॉफी. मुक्काम लांबणार असेल तर ओझ्याला एखादे खेचर. चार-सहा दिवसांच्या फेरीला एवढे पुरे व्हायचे. पण अमेरिकेतले यादवी युद्ध संपले तेव्हा टेक्सासात लाखो गुरे मोकाट वाढलेली होती आणि त्यांना पैसे मोजणारे गिऱ्हाईक शेकडो मैल दूर होते. गुरे चालत नेता येत होती. प्रश्न होता तो त्यांच्यामागून महिनोन् महिने जाणाऱ्या माणसांच्या पोटाचा.

गुरांचा व्यापारी चार्ल्स गुडनाइट तेव्हा तिशीतला. ऑलिव्हर लव्हिंग हा त्याचा भागीदार त्याच्याहून तेवीस वर्षांनी मोठा आणि या धंद्यात मुरलेला. दोघांनी हेरलेले गिऱ्हाईक होते अमेरिकेचे लष्कर. न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरजवळ लष्कराने नवाहो आणि मेस्कलेरो अपाची या जमातींच्या हजारो लोकांना त्यांच्या मुलखातून हुसकून आणून डांबले होते, आणि त्यांच्या शिध्यासाठी मांस कमी पडत होते. ६ जून १८६६ रोजी दोन हजार गुरे आणि अठरा हत्यारबंद माणसे टेक्सासातल्या फोर्ट बेल्कनॅपच्या परिसरातून निघाली. पेकॉस नदी गाठण्याआधी सव्वाशे किलोमीटरहून अधिक लांबीचा निर्जळी पट्टा लागत होता.

निघण्यापूर्वी गुडनाइटने एक गाडी तयार करून घेतली. नवी नव्हे. लष्कराच्या जुन्या गाडीचा सांगाडा त्याने विकत घेतला आणि पार्कर परगण्यात तो नव्याने बांधून घेतला. लाकूड वापरले बोडार्कचे. ओसेज जमातीचे लोक आपली धनुष्ये याच झाडाच्या लाकडाची करत. ते चिवट असते आणि वर्षानुवर्षे कुजत नाही. लाकडी आसांच्या जागी लोखंडी आस आले, आणि वंगणाला डांबराच्या बादलीऐवजी चरबीचा डबा. या सगळ्यात जग ज्याला गुडनाइटचा शोध मानते तो भाग होता गाडीच्या मागच्या टोकाला बसवलेली पेटी.

ही ‘चक बॉक्स’. गुराख्यांच्या बोलीत चक म्हणजे जेवण. गाडीच्या रुंदीइतके हे एक उभे फडताळ होते. आत फळ्या, कप्पे, लहानमोठे खण. पेटीचे झाकण खालच्या कडेला बिजागऱ्यांनी जोडलेले. ते मागे उतरवले आणि त्याचा घडीचा पाय जमिनीवर टेकवला की कणीक मळायला ओटा तयार. सर्वांत मोठ्या खणात पीठ. बाकीच्यांत साखर, घेवडा, वाळवलेली फळे, कॉफीच्या बिया, टिनच्या ताटल्या. एका कप्प्यात एरंडेल, पट्ट्या, सुईदोरा आणि वस्तरा, कारण आचारीच न्हावी आणि आचारीच वैद्य. गाडीच्या एका बाजूला पाण्याचे पिंप. बुडाखाली कातड्याची झोळी टांगलेली, तिच्यात वाटेत वेचलेले सरपण, आणि सरपण न मिळाल्यास वाळलेले शेण. आंबवलेल्या पिठाचे भांडे विरजणासारखे जपले जाई. थंडीत काही आचारी ते अंथरुणात घेऊन झोपत.

या पेटीभोवती शिस्तही लवकरच जमली. झाकणाचा ओटा आचाऱ्याचा. त्यावर ताटली ठेवून जेवायला बसण्याची कोणाची छाती नव्हती. घोडेस्वाराने गाडीकडे यायचे ते वाऱ्याचा अंदाज घेऊन, धूळ पिठात जाणार नाही अशा बाजूने. रात्री आचारी गाडीची दांडी ध्रुवताऱ्याच्या रोखाने वळवून ठेवी, म्हणजे पहाटे आभाळ भरलेले असले तरी दिशा चुकत नसे.

पेटीचे मोल किती, हे त्याच मोहिमेच्या परतीच्या वाटेवर दिसून आले. फोर्ट समनरला लष्कराने जिवंत वजनावर पौंडामागे आठ सेंट दराने गुरे घेतली. लव्हिंग उरलेली जनावरे घेऊन कोलोराडोकडे गेला आणि गुडनाइट बारा हजार डॉलरचे सोने घेऊन टेक्सासकडे उलटा फिरला. या खेपेला सोने आणि शिधा एकाच खेचरावर लादलेले होते. एका वादळी रात्री विजांना बुजून खेचर उधळले. गुडनाइटने त्याचा दोर सोडला नाही, म्हणून सोने वाचले. खाण्याचे सामान मात्र माळरानावर विखरून गेले. बारा हजार डॉलर जवळ असलेला माणूस उपाशीपोटी वाट तुडवत राहिला.

पुढच्या वीस वर्षांत गुरांचे कळप उत्तरेकडच्या रेल्वे स्थानकांवर नेण्याचा मोठा व्यवसाय झाला आणि ही गाडी त्याचे अंग बनली. मागणी वाढल्यावर कारखाने पुढे आले. इंडियानातल्या साउथ बेंड गावच्या स्टुडबेकर बंधूंनी १८५२मध्ये लोहारकामाच्या दुकानापासून सुरुवात करून गाड्यांचा प्रचंड कारखाना उभारला होता. मोटारी त्यांनी फार नंतर बनवल्या. पेटी बसवलेल्या तयार गाड्या अशा कारखान्यांतून मिळू लागल्या. तरीही पुष्कळ गुरांचे मालक शेतीची साधी गाडी विकत घेत आणि पेटी आपल्याच सुताराकडून करून बोल्टने तिच्यावर बसवत. प्रत्येकाच्या माणसांची संख्या वेगळी, बिडाची भांडी वेगळ्या मापाची, आचाऱ्याच्या हाताची सवय वेगळी. चाके आणि आस कोणाचेही चालत. खण आपल्याच मापाचे लागत. आर्बकल कंपनीची भाजलेली कॉफी एकेक पौंडाच्या पुड्यांत, पुडे मजबूत लाकडी खोक्यांत यायचे. कॉफी संपली तरी खोकी कोणी टाकून देत नसे. त्यांच्या फळ्यांची घरोघरी कपाटे झाली.

काटेरी तारेचे जोसेफ ग्लिडनचे पेटंट १८७४चे. तारेची कुंपणे आणि लोहमार्ग यांनी १८८०च्या दशकाअखेर लांबच्या वाटा बंद पाडल्या. गाड्या कुरणांतल्या कामापुरत्या उरल्या. पेटीची कल्पना मात्र मोटारीवर जाऊन बसली.

१९०८मध्ये फोर्डची मॉडेल टी आली आणि १९२७मध्ये तिचे उत्पादन थांबेपर्यंत दीड कोटी गाड्या रस्त्यावर उतरल्या. मोटार घेतलेली कुटुंबे सुटीला तंबू घेऊन निघू लागली. सामान ठेवायला जागा होती ती दाराखालच्या पायफळीवर. तिथे पट्ट्यांनी आवळलेल्या अरुंद उंच पेट्या दिसू लागल्या, आणि त्यांची रचना ओळखीची होती: झाकण उतरवले की टेबल, आत कप्पे. खेळाच्या सामानाची दुकाने अशा पेट्या विकत. हौशी माणसे त्या घरामागच्या पडवीत ठोकून घेत. १९१९मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरी अशा भटक्यांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाची संघटनाच काढली. रेडिएटरच्या टोपणावर डाग दिलेला टिनचा डबा ही त्यांची खूण.

खुद्द हेन्री फोर्डही या छंदातून सुटला नव्हता. थॉमस एडिसन, टायरवाले हार्वे फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज यांच्यासोबत तो जवळजवळ दरवर्षी तंबू ठोकायला बाहेर पडे. १९२१च्या सहलीला राष्ट्राध्यक्ष हार्डिंगही येऊन गेले. या मंडळींबरोबर स्वयंपाकाची स्वतंत्र गाडी असे: चूल, बर्फाची पेटी, शिध्याचे कप्पे, सारे जागच्या जागी. एकसारख्या लाखो मोटारी बनवून जग बदलणाऱ्या या माणसाने आपल्या सहलीची गाडी मात्र खास मापाने बांधून घेतली होती.

विकत घेण्यातला मनस्ताप आणि बांधण्यातली ईर्ष्या यांतून थेट कारखानेही उभे राहिले. डेट्रॉइटचे जंतुशास्त्रज्ञ आर्थर शर्मन यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस सुटीसाठी घडीच्या तंबूचा एक ट्रेलर घेतला. तो चटकन उभा राहतो असे विकणाऱ्याचे म्हणणे होते. पहिल्याच सहलीत पाऊस आला आणि कुटुंब भिजत तंबूशी झगडत बसले. शर्मन यांनी घरी येऊन सुताराकडून कडक भिंतींचा, सहा फूट रुंदीचा एक ट्रेलर बांधून घेतला. आत कपाटे, बाकडी, चूल. वाटेत लोक थांबून चौकशी करू लागले. जानेवारी १९३०च्या डेट्रॉइट मोटार प्रदर्शनात त्यांनी तो मांडला, आणि काही वर्षांत त्यांची ‘कव्हर्ड वॅगन’ कंपनी ट्रेलर बनवणाऱ्यांत देशात आघाडीवर पोचली. जी वस्तू विकत घेऊन पस्तावले, तिला पर्याय म्हणून घरी बांधलेली वस्तू आता इतर लोक विकत घेत होते.

लॉस एंजेलिसच्या वॉली बायमची गोष्ट उलट बाजूने सुरू झाली. तो मासिकांच्या धंद्यात होता. त्याने छापलेल्या एका लेखात ट्रेलर घरी कसा बांधावा याचा आराखडा होता. वाचकांची पत्रे आली: यानुसार ट्रेलर उभाच राहत नाही. बायमने स्वतः हात घातला, आराखडा दुरुस्त केला आणि तो विकू लागला. मग आराखडा नको, तयार ट्रेलरच द्या म्हणणारे भेटले. एअरस्ट्रीम कंपनीचा हा आरंभ. १९३६मध्ये तिचा ॲल्युमिनियमचा चकाकता ‘क्लिपर’ आला, किंमत १२०० डॉलर. मंदीच्या काळात एवढी रक्कम मोजणे फार थोड्यांना शक्य होते.

उरलेल्यांच्या मदतीला प्लायवूड आले. थरांचे लाकूड जुनेच होते, पण पावसात त्याचे थर सुटत. १९३४मध्ये हार्बर प्लायवूड कंपनीचे रसायनतज्ज्ञ जेम्स नेव्हिन यांनी पाण्याला अजिबात दाद न देणारा डिंक तयार केला. आता चार फूट बाय आठ फुटांचा तक्ता घराबाहेर टिकू लागला. त्याच सुमारास लोकप्रिय झालेल्या ‘टीअरड्रॉप’, म्हणजे थेंबाच्या आकाराच्या बुटक्या ट्रेलरची नेहमीची मापे पाहिली तर रुंदी सुमारे चार फूट, लांबी सुमारे आठ. ट्रेलरचे माप वखारीत मिळणाऱ्या तक्त्याने ठरवले होते. आत फक्त झोपायची जागा, आणि मागचे वक्र झाकण वर उचलले की स्वयंपाकाचे कप्पे. पेटीची जागा तीच राहिली, गाडीच्या मागच्या टोकाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांसाठी बनवलेले ॲल्युमिनियम स्वस्तात बाजारात आले आणि या ट्रेलरांना पत्र्याची त्वचा मिळाली. ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकाने सप्टेंबर १९४७च्या अंकात छापलेला टीअरड्रॉपचा आराखडा घेऊन आजही लोक करवत हाती धरतात. बॉय स्काउटांच्या तुकड्या प्लायवूडच्या पेट्या स्वतः ठोकत. दुसरीकडे विकतची बाजूही भक्कम होत होती. कॅन्ससमधल्या विचिटाची कोलमन कंपनी १९२०च्या दशकापासून सुटकेससारखी मिटणारी चूल विकत होती, आणि १९५०च्या दशकात तिची पत्र्याची शीतपेटी आली. मग घरी बनणाऱ्या पेट्यांतले खण या चुलीच्या आणि शीतपेटीच्या मापाने कापले जाऊ लागले. विचिटा हे १८७०च्या दशकात टेक्सासची गुरे रेल्वेत चढवण्याचे गाव होते, हा योगायोगही या इतिहासात आहे.

ऑस्ट्रेलियात याच गरजेची स्वतंत्र परंपरा आढळते. तिथल्या बैलगाडीवाल्यांचा शिधा ‘टकरबॉक्स’मध्ये असे. न्यू साउथ वेल्समधल्या गुंडागाईजवळ टकरबॉक्सवर बसलेल्या कुत्र्याचा पुतळा आहे. फ्रँक रुस्कोनी यांनी घडवलेला हा पुतळा १९३२मध्ये पंतप्रधान जोसेफ लायन्स यांच्या हस्ते खुला झाला. कॅम्पर ट्रेलर, म्हणजे मुक्कामाचा ट्रेलर, आज ऑस्ट्रेलियात घरोघरचा विषय आहे. डांबर नसलेल्या रस्त्यावर आडव्या वळ्यांनी ट्रेलर तासन् तास थरथरतो, बारीक लाल धूळ फटीफटींत शिरते. त्यामुळे तिथे पेटीची परीक्षा झाकणाच्या रबरी पट्टीवर आणि कडीवर होते. सांध्यांवर नुसता डिंक लावून भागत नाही, स्क्रूही सैल होतात. धूळ रोखण्याच्या कामात ॲल्युमिनियमच्या विकतच्या पेट्या प्लायवूडवर मात करतात. आतल्या कप्प्यांत मात्र प्लायवूड जिंकते.

पेटी मागच्या टोकाला बसवण्याची परंपरा पुढे अडचणीची ठरली ती वेगामुळे. बैल किंवा खेचरे चालीने जात, तेव्हा जड पेटी मागे असली तरी बिघडत नव्हते. मोटारीमागे ट्रेलर वेगाने धावतो तेव्हा मागे वजन जास्त झाले की तो डावीउजवीकडे हेलकावू लागतो. म्हणून एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडणीवर यावा असा अमेरिकेत दंडक आहे. परिणामी पाणी, गॅसची टाकी आणि जड हत्यारे यांच्या पेट्या पुढच्या दांडीवर सरकल्या. मागे राहिले ते हलके स्वयंपाकघर. घरी बांधणाऱ्याला इथे आणखी एक हिशेब करावा लागतो. १८ मिलिमीटर जाडीचा आठ बाय चारचा एक तक्ता साधारण ३० किलो भरतो, आणि अशा तीन तक्त्यांची कपाटे रिकामी असतानाच एका माणसाहून जड होतात. जाणते कारागीर म्हणून ९ किंवा १२ मिलिमीटरवर उतरतात आणि जाडी फक्त सांध्यांपाशी ठेवतात.

टेक्सासने २००५मध्ये चक वॅगनला राज्याचे अधिकृत वाहन म्हणून मान दिला, आणि तिथल्या पाककला स्पर्धांत जेवणाबरोबर गाडी किती अस्सल आहे यालाही गुण मिळतात. कॅम्पर ट्रेलरच्या बाजारात मात्र कामाचा क्रमच उलटला आहे. पूर्वी सुतार पेटी करी आणि डबे तिच्यात बसतील असे शोधले जात. आता लोक आधी दुकानातून एकावर एक बसणारे प्लास्टिकचे क्रेट आणतात, दोनशे किलो वजन पेलणाऱ्या सरकत्या पट्ट्या आणि कड्या मागवतात, मग त्यांच्या मापाने प्लायवूडची चौकट कापतात. मोजपट्टी आधी क्रेटच्या काठाला लागते, कारण झाकणाच्या कडेचे दोन सेंटिमीटर विसरले की खण उघडतच नाही.