६४ केबीत ३०,००० शब्द

आज जायचंय सत्तरच्या दशकातल्या अमेरिकेत, बेल लॅब्जमध्ये. तिथे युनिक्सवर 'स्पेल' नावाचा स्पेलिंग तपासणारा प्रोग्रॅम होता. स्टीव्ह जॉन्सन यांनी तो १९७५ मध्ये एका दुपारीच लिहून टाकला. पुढे तो डग मॅकइलरॉय यांनी हाती घेतला. (टर्मिनलमधल्या पाइपची कल्पनाही यांचीच, बरं का!)

मशीन होतं पीडीपी-११. प्रोग्रॅमला एका वेळी दिसणारी मेमरी ६४ केबी. तुमच्या व्हॉट्सॲपवरचा एक फोटोसुद्धा याहून मोठा असतो! शब्दांचे प्रत्यय काढून यादी ३०,००० पर्यंत आणली, तरी ती त्यात मावेना.

मग मॅकइलरॉयनी शब्दच फेकून दिले. प्रत्येक शब्दावरून ठरावीक गणिताने २७ बिटचा एक आकडा काढला, म्हणजे हॅश, आणि फक्त तो ठेवला. पण ३०,००० गुणिले २७ बिट म्हणजे १०० केबी. अजूनही जास्तच.

आता खरी गंमत. आकडे चढत्या क्रमाने लावले की पूर्ण आकडा लिहायची गरजच नाही. ४०,१२,३०० नंतर ४०,१६,८०० येत असेल, तर नुसतं '४,५०० पुढे' लिहा. सरासरी फरक साधारण एवढाच होता. लहान फरकांना कमी बिट दिले आणि शब्दामागे खर्च आला जेमतेम १४ बिट. एकूण ५२ केबीच्या आसपास. बसलं!

किंमत? चुकीच्या शब्दाचा हॅश एखाद्या बरोबर शब्दाशी जुळू शकतो. शक्यता साधारण ४,५०० त एक. मला हा सौदा जबरदस्त वाटतो, कारण निसटून निसटणार काय, तर एखादं स्पेलिंग.

पण हीच आयडिया डोळे मिटून कुठेही लावू नका. मी अर्डुइनो ऊनोवर आरएफआयडी कार्डाचं कुलूप केलं होतं. रॅम २ केबी. माझ्या कार्डांचा कोड ४ बाइटचा. तोच अक्षरांत लिहिला तर ९ बाइट. २०० कार्डांचे १,८०० बाइट, म्हणजे रॅम जवळपास संपलीच. हॅश आखूड केला असता तर जागा वाचली असती, पण इथे कोड चुकून जुळला तर परक्या माणसाला दार उघडतं. म्हणून पूर्ण ४ बाइट ठेवले, आकडा म्हणून, क्रमाने लावून, ३२ केबीच्या फ्लॅशमध्ये. आणि शोधायचं कसं? डिक्शनरीत शोधतो तसं, मधोमध उघडत. २०० कार्डांत जास्तीत जास्त ८ तुलना.