रॅमचा वेग वाढविल्यावर संगणक का तापतो?

संगणकात अधिक वेगाची नवी रॅम बसविली, बायोसमध्ये जाऊन तिचा वेग वाढविला आणि त्यानंतर पंख्यांचा आवाज वाढला, कॅबिनेट गरम लागू लागले, ऐन कामात संगणक आपोआप बंद पडू लागला, अशी तक्रार अनेक वापरकर्ते करतात. दोष अर्थातच नव्या रॅमला दिला जातो. प्रत्यक्षात या उष्णतेचा उगम बहुतेक वेळा रॅममध्ये नसून प्रोसेसरमध्ये असतो. हे ध्यानात न घेता रॅमसाठी जादा पंखा बसविला किंवा पट्ट्या बदलून आणल्या, तर पैसा खर्च होतो आणि मूळ कारण तसेच राहते.

वेग वाढतो म्हणजे काय?

डीडीआर४ प्रकारच्या रॅमसाठी 'जेडेक' या संस्थेने १.२ व्होल्ट हे प्रमाण ठरविले आहे. '३६००' असे लिहिलेली पट्टी विकत आणली, तरी ती आपोआप त्या वेगाने चालत नाही. बहुधा २१३३ किंवा २६६६ अशा प्रमाणित वेगाने सुरू होते. वेष्टनावरील वेग हवा असेल, तर बायोसमधील 'एक्सएमपी' हा पर्याय सुरू करावा लागतो. इंटेलने २००७ मध्ये आणलेल्या या पद्धतीत वेग, टायमिंग व व्होल्टेज यांची नोंद पट्टीवरील एका लहानशा चिपमध्येच असते. एएमडीने २०२२ मध्ये डीडीआर५ रॅमसाठी 'एक्स्पो' ही अशीच पद्धत आणली. दोन्ही कंपन्यांच्या लेखी हे ओव्हरक्लॉकिंगच होय.

एक्सएमपी सुरू केल्यावर डीडीआर४ रॅमचे व्होल्टेज बहुधा १.३५ होते. चिपमध्ये खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, एवढ्याशा बदलाने तो खर्च सुमारे २७ टक्क्यांनी वाढतो. वेगामुळे होणारी वाढ निराळीच. तरीही एका पट्टीला लागणारी वीज काही वॅटच असते. तेवढ्याने संपूर्ण कॅबिनेट तापत नाही.

खरी उष्णता कोठे?

रॅमशी देवाणघेवाण करणारा 'मेमरी कंट्रोलर' पूर्वी मदरबोर्डवर असे. एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ मालिकेत, तर इंटेलने २००८ मध्ये पहिल्या कोअर आय७ मध्ये तो प्रोसेसरच्या आत नेला. त्यामुळे रॅमचा वेग वाढविला की प्रोसेसरच्या या भागावरही ताण येतो. तो पेलता यावा म्हणून मदरबोर्ड या भागाचे व्होल्टेज स्वतःहून वाढवितो. इंटेलमध्ये त्याला 'सिस्टिम एजंट' व्होल्टेज, तर एएमडीमध्ये 'एसओसी' व्होल्टेज म्हणतात. हे सेटिंग 'ऑटो'वर असल्यास काही मदरबोर्ड ते गरजेपेक्षा बरेच वर नेतात.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. काही मदरबोर्डांवर एक्सएमपी सुरू करताच 'मल्टिकोअर एन्हान्समेंट' किंवा तत्सम नावाचा पर्यायही सुरू होतो आणि प्रोसेसरच्या वीजवापरावरील मर्यादा उठते. वापरकर्त्याने वेग वाढविला रॅमचा. तापतो मात्र प्रोसेसर.

याचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात, हे २०२३ मध्ये दिसले. त्या वर्षी एप्रिलमध्ये एएमडीच्या रायझन ७००० एक्स३डी मालिकेतील काही प्रोसेसर जळाल्याच्या घटना उघड झाल्या. त्यानंतर एसओसी व्होल्टेज १.३ च्या वर जाऊ न देणारे बायोस अपडेट देण्यात आले. या मालिकेचा संगणक असलेल्यांनी जुने बायोस ठेवून एक्स्पो सुरू करू नये.

तपासणीचा क्रम

१. प्रथम मोजमाप करावे. 'एचडब्ल्यूइन्फो'सारख्या प्रोग्रॅमवर प्रोसेसरचे तापमान संगणक रिकामा असताना आणि अर्धा तास जड काम दिल्यावर, असे दोनदा नोंदवावे. खोलीचे तापमानही लिहून ठेवावे. खोली दहा अंशांनी तापली, तर आतील तापमानही जवळपास तितकेच चढते. विदर्भातील मे महिन्याची तुलना जानेवारीशी करून उपयोग नाही.

२. एक्सएमपी बंद करून पुन्हा मोजावे. तापमान पूर्ववत झाल्यास कारण सेटिंगमध्ये आहे. न झाल्यास संगणक बंद करून, वीजजोडणी काढून कॅबिनेट उघडावे. रॅम बसविताना पंख्याची वायर पात्यात अडकली का, उंच पट्टीमुळे कूलरचा पंखा सरकला का, कूलर सैल झाला का, हीटसिंकमध्ये धूळ साचली आहे का, हे पाहावे. कूलर काढला गेला असल्यास थर्मल पेस्ट नव्याने लावावी.

३. कारण सेटिंगमध्ये असल्यास एक्सएमपी पुन्हा सुरू करून मल्टिकोअर एन्हान्समेंट बंद करावे. अनेकदा एवढ्याने काम होते.

४. तरीही फरक न पडल्यास सिस्टिम एजंट किंवा एसओसी व्होल्टेज 'ऑटो'वरून काढून ०.०२ व्होल्टच्या टप्प्यांनी कमी करावे. एका वेळी एकच बदल करावा.

५. संगणक अस्थिर झाल्यास मागील टप्प्यावर यावे किंवा रॅमचा वेग ३६०० वरून ३२०० करावा. संगणक सुरूच न झाल्यास मदरबोर्डच्या पुस्तिकेप्रमाणे 'सीमॉस' रिकामे करावे. सर्व सेटिंग मूळ स्थितीत येतात.

प्रत्येक बंद पडणे उष्णतेमुळे नव्हे

प्रोसेसर ९५ ते १०० अंशांपर्यंत जाऊन संगणक बंद पडत असेल, तर दोष उष्णतेचा. तापमान ६०-७० अंश असतानाच निळा पडदा येत असेल, तर प्रोसेसर तापल्याचे ते लक्षण नव्हे. रॅमला तो वेग झेपत नसण्याची शक्यता अधिक. पेन ड्राइव्हवरून 'मेमटेस्ट८६' काही तास चालवावे. एकही चूक आढळली, तरी ते सेटिंग सोडून द्यावे. अशा चुका मुकाट्याने फायलींत उतरतात. हिशेबाचा आकडा बदलतो, छायाचित्र उघडत नाही, आणि बिघडलेल्या फायलीचीच बॅकअप प्रत निघते.

डीडीआर५ बाबत मात्र पट्टीचेही तापमान पाहावे. तिच्यात व्होल्टेज नियंत्रित करणारी चिप पट्टीवरच असल्याने ती स्वतः अधिक तापते. तापमान दाखविणारा सेन्सरही तिच्यावर असतो. ८५ अंशांच्या वर रॅमला आपली माहिती दुप्पट वेळा ताजी करावी लागते. वेग वाढविलेल्या रॅममध्ये तर त्याच्या बरेच आधी चुका होऊ लागतात. अशा वेळी पट्ट्यांवरून वारा जाईल अशी पंख्यांची मांडणी उपयोगी पडते.

पत्रव्यवहार, हिशेब किंवा इंटरनेट यांसाठी संगणक वापरणाऱ्यांना रॅमच्या वाढीव वेगाचा फरक जाणवतही नाही. त्यांनी प्रमाणित वेगावरच समाधान मानावे. खेळ किंवा व्हिडिओ संपादनासाठी वेग हवाच असेल, तर वॉरंटीच्या अटी वाचून आणि महत्त्वाच्या फायलींची प्रत अन्यत्र ठेवूनच सेटिंगला हात लावावा.