पाण्याखालून आणि पाण्यावरून

गेल्या विकांताला मामाकडे गेलो होतो. मामाचं घर आंदर मावळात, टाकव्याच्या पुढे, ठोकरवाडी धरणाच्या पाण्याजवळ. पावसाळ्यात तिथे असं धुकं उतरतं की अंगणापलीकडचा गोठाही दिसत नाही. ओट्यावर चहा पीत बसलो होतो. लांबून घरघर ऐकू आली. मी म्हटलं, "मामा, एसटी आली." मामा न बघताच (बघून तरी काय दिसणार म्हणा!) म्हणाला, "एसटी न्हाय, दुधाचा टेम्पो हाय. भरल्याला हाय, चढाला कण्हतोय."

मी जाम खूश. कारण आदल्या रात्री लॅपटॉपवर मी नेमकं हेच करत होतो!

'सायलेंट हंटर 3' हा 2005 सालचा जुना गेम. दुसरं महायुद्ध, तुम्ही जर्मन पाणबुडीचे कप्तान, समोर मालवाहू जहाजांचा ताफा आणि त्याच्या भोवती राखण करणाऱ्या विनाशिका. त्यांना चुकवून आत शिरायचं, टॉर्पेडो सोडायचे आणि जिवंत परत यायचं. यात नेमबाजी फारच कमी. खरा खेळ आहे तो ऐकण्याचा आणि ऐकू न येण्याचा.

पाण्याखाली दिसत नाही, म्हणून दोन मार्ग उरतात. एक म्हणजे गुपचूप कान देणं. पंख्याचा आवाज कुठून येतोय, जड आहे की चपळ, एवढ्यावरून जहाज ओळखायचं. मामाचा टेम्पो तो हाच. दुसरा मार्ग म्हणजे स्वतः आवाज सोडून प्रतिध्वनीची वाट बघणं, म्हणजे पिंग. (आपण रोज टर्मिनलवर मारतो ती 'पिंग' कमांड माइक म्यूस यांनी 1983 साली लिहिली आणि नाव सोनारच्या याच आवाजावरून दिलं.) पिंगची गोम अशी की पिंग करणाऱ्याकडे आवाज जाऊन परत यावा लागतो, लपलेल्याला मात्र तो फक्त पोचला तरी पुरतो. म्हणजे शोधणारा आधी स्वतःचाच पत्ता सांगून बसतो.

म्हणून गेममधला मंत्र सोपा आहे. मोटर दोन नॉटवर आणा. दुरुस्ती बंद, टॉर्पेडो भरणं बंद, सगळे चिडीचूप. विनाशिकेकडे पाणबुडीची कूस नाही, नाक किंवा शेपूट ठेवा, म्हणजे प्रतिध्वनी लहान येतो. त्या काळचं सोनार पुढच्या दिशेला बघायचं, त्यामुळे विनाशिका अगदी डोक्यावर आली की शेवटचे काही क्षण तिला तुम्ही सापडत नाही. वर स्फोट सुरू झाले की त्या गोंगाटात जोरात पळायचं. हे जमलं की काय वाटतं ते सांगता येत नाही राव!

मामाला हे सगळं रंगवून सांगितलं. तो म्हणाला, "मंग आपल्या उंबरखिंडीवानी." बरोब्बर! 1661 साली कारतलबखान लोणावळ्याच्या बाजूने कोकणात उतरायला निघाला, आणि खाली उंबरखिंडीच्या झाडीत महाराजांची माणसं श्वास रोखून बसली होती. खान पुरता आत येईपर्यंत कुणी हूं की चूं केलं नाही. पुढचं आपल्याला पाठ आहे. दडून बसणाऱ्याची बाजू आपल्याला लहानपणापासून आपली वाटते.

पण घरी आल्यावर एक गोष्ट डोक्यातून जाईना. आपल्याच समुद्रात हा खेळ एकदा खरोखर झालाय. आणि त्या वेळी आपण झाडीत नव्हतो, खिंडीत होतो.

साल 1971. पाकिस्तानची फ्रेंच बनावटीची पाणबुडी 'हँगोर' युद्ध सुरू होण्याआधीच मुंबईच्या समुद्रात येऊन बसली होती. कप्तान होते अहमद तस्नीम. पाकिस्तानी बाजूच्या कथनानुसार मुंबईहून निघालेला आपला पश्चिमी ताफा तिच्या जवळून गेला, पण युद्ध जाहीर नसल्याने टॉर्पेडो सोडायची परवानगी नव्हती. मग तिने कराचीला संदेश पाठवले. इथे तिचं मौन सुटलं! ते संदेश आपल्या नौदलाने टिपले, पाणबुडी साधारण कुठे आहे ते कळलं, आणि तिला शोधायला 8 डिसेंबरला मुंबईहून 'खुकरी' आणि 'कृपाण' या दोन फ्रिगेट निघाल्या.

दोन्ही जहाजं पाणबुड्या शोधण्यासाठीच बनवलेली होती, पण हँगोरचे कान जास्त तिखट होते. त्यातून सोनारचा पल्ला वाढवण्यासाठी एक नवी सुधारणा खुकरीवर तपासली जात होती आणि त्यासाठी वेग कमी ठेवावा लागत होता. पाणबुडीच्या टापूत संथ चालणं धोक्याचं. पण जास्त लांबचं ऐकू यावं म्हणूनच तर ते संथ चालत होते.

9 डिसेंबरच्या रात्री, पावणेनऊच्या सुमारास, दीवजवळच्या समुद्रात हँगोरने पहिला टॉर्पेडो कृपाणवर सोडला. तो फुटला नाही. दुसरा खुकरीला लागला. जहाज काही मिनिटांत बुडालं. 18 अधिकारी आणि 176 खलाशी गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतःचं लाइफजॅकेट दुसऱ्याला दिलं आणि जहाजाबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. पाणबुडी खाली असताना थांबणं म्हणजे दुसरंही जहाज गमावण्याचा धोका, त्यामुळे कृपाण तिथून दूर गेली. दुसऱ्या दिवशी 'कच्छल'बरोबर परत येऊन पाण्यात तग धरलेल्या 67 जणांना उचललं. त्यानंतर काही दिवस हँगोरची शोधाशोध झाली, पण ती निसटली. गेममध्ये मी करतो तसंच सगळं करून.

लोणावळ्याची आयएनएस शिवाजी मामाच्या गावापासून फार लांब नाही. 1945 पासून नौदलाचे इंजिनवाले तिथे घडतात. खुकरीच्या इंजिनरूममध्ये त्या रात्री जे होते, त्यांच्यापैकी काही जण याच डोंगरातला पाऊस बघून गेलेले असण्याची शक्यता दाट आहे. पाण्याच्या पातळीखाली काम करणाऱ्यांना अशा वेळी वर यायला वेळच मिळत नाही.

मग गेम वाईट का? असंही नाही. 1942 च्या सुरुवातीला अटलांटिकमध्ये ब्रिटिश ताफे धडाधड बुडत होते. राखण करणारे गोंधळले होते, पाणबुड्या आत शिरतात तरी कुठून? लिव्हरपूलमध्ये गिल्बर्ट रॉबर्ट्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याने जमिनीवर चौकोन आखले, खडू घेतले, नौदलातल्या तरुण मुली सोबतीला घेतल्या आणि चक्क खेळ मांडला. अधिकाऱ्यांना पडद्याआडच्या फटीतून, खऱ्या समुद्रात दिसेल तेवढंच दिसायचं. पाणबुडीच्या जागी उभं राहून विचार केल्यावर उलगडा झाला. पाणबुडी रात्री मागच्या बाजूने ताफ्याच्या रांगांमध्ये शिरते आणि काम झालं की खोल जाते! त्यावर डावपेच बसवले गेले आणि ते हजारो अधिकाऱ्यांना शिकवले गेले.

फरक बघा. खेळ तोच, पण ते समोरच्याच्या जागी उभे राहायला खेळले. मी इतकी वर्षं एकाच जागी बसून खेळतोय. माझ्या गेममध्ये जहाज बुडालं की टनांचा आकडा वाढतो, बस.

दीवला खुकरीचं स्मारक आहे, काचेत जहाजाची प्रतिकृती ठेवलेली. त्याच नावाची पुढची, माझगाव गोदीत बांधलेली खुकरी 2021 च्या डिसेंबरात निवृत्त झाली. तीही संग्रहालयासाठी दीवला दिली गेली. एकदा मामाला घेऊन जायचंय. त्याने समुद्र पाहिलाय तो फक्त अलिबागचा.

गेम मी डिलीट केलेला नाही, खोटं कशाला बोलू. पण परवा रात्री विनाशिका डोक्यावरून गेली, हेडफोनमध्ये पिंग... पिंग... वाजत राहिलं, आणि पहिल्यांदाच वाटलं, वरचा तो सोनारवाला आत्ता कान देऊन काय ऐकत असेल?

असो. पुढच्या विकांताला भेटू.