सराईतला हौद आणि अभ्यासिकेतला एसी

जालन्याच्या काळ्या मशिदीजवळची सराई, तिथला हमाम आणि गावाबाहेरचा मोती तलाव ही जमशेदखानाची कामे, असे जुने गॅझेटिअर सांगते. इमारतींची यादी देऊन ते थांबत नाही. मोती तलावातून जमिनीखालून नळ टाकले होते, त्यांतून गावातल्या हौदांना पाणी पोचत असे आणि त्यातला एक हौद सराईच्या चौकात होता, हेही त्यात नोंदलेले आहे. भरभराटीच्या काळात जालन्याला पाच तलाव होते. 'जालना, सोन्याचा पाळणा' ही म्हण आपण अजून अभिमानाने ऐकवतो. पाळण्याखाली पाणी होते, एवढे मात्र सांगायचे राहून जाते.

सराई म्हणजे केवळ मुक्कामाची जागा नव्हे. व्यापारी तिथे माल उतरवत, भाव ठरवत, हिशेब लिहीत. एकमेकांशी नाते नसलेली माणसे एका छपराखाली आपापले काम करत आणि पाणी, सावली, उजेड वाटून घेत. आज शहरांत 'को-वर्किंग' नावाने जे चालते, त्याचे आपल्याकडचे जुने रूप हेच. आजचे रूप पाहायचे तर जालना, अंबड, परतूर, भोकरदन कुठेही जा. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका दिसतील. महिन्याचे भाडे, नंबर घातलेली खुर्ची, प्लायवूडचा आडोसा, चार्जिंगची सोय, थंड पाण्याचे यंत्र आणि दारावर ठळक अक्षरांत 'फुल्ली एसी'. मी गेली काही वर्षे जुन्या इमारतींमधली पाण्याची व हवेची व्यवस्था हा विषय हौसेने धुंडाळतो आहे. पदवी वेगळ्याच विषयाची, वास्तुशास्त्राचे शिक्षण नाही. म्हणून असेल, पण सराई आणि अभ्यासिका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे मला वाटतच नाही. अनेकांनी मिळून बसायच्या जागेत उन्हाळा कसा काढायचा, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

या प्रश्नाचे सर्वांत देखणे उत्तर जालन्यापासून साठेक किलोमीटरवर आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, इथली अठराव्या शतकातली पाणचक्की आपण सहलीत पाहिलेली असते. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या बंद नळांतून काही किलोमीटर आणायचे, उंचावरून सोडायचे, त्याच्या जोरावर जाते फिरवायचे आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकीर-वाटसरूंसाठी पीठ दळायचे. जाते फोटोत येते. हौद सहसा कुणी नीट पाहत नाही. त्या मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. जाड खांबांवर तोललेले, वर पाण्याचा थर असलेले छत. ऊन पाण्यावर पडते, पाण्याची वाफ होते, वाफ होताना पाणी उष्णता ओढून घेते आणि खालचे दालन गार राहते. दळण, साठवण आणि गारवा ही तिन्ही कामे एकाच पाण्यात झाली. हे कुणी 'पर्यावरणपूरक' म्हणून केले नव्हते. पाणी इतक्या लांबून आणले तर त्याच्याकडून जमेल तेवढे काम करून घ्यायचे, हा साधा हिशेबीपणा होता. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खोदलेल्या नहरीमुळे या शहराला तशी सवयच लागली होती.

विणकरांचे उत्तर याहून साधे. जालन्याचे नावच एका धनाढ्य मुसलमान विणकरावरून पडले, अशी परंपरागत समजूत आहे. ती खरी असो-नसो, रेशमी आणि सुती कापडाची विणाई हा या गावचा जुना धंदा. खड्ड्यातला माग ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल, की विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो आणि त्याचे पाय खड्ड्यात असतात. सूत जमिनीलगत राहिले की ओलावा धरते आणि कमी तुटते. उन्हाळ्यात सूत गार राहते आणि माणूसही.

घरांचे उत्तर म्हणजे माळवद. पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, वर लाकूड आणि त्यावर मातीचा थर, उजेडासाठी छपरातले साणे, मध्ये चौक. दुपारी बाहेर रणरणत असताना आत डोळा लागावा इतका गारवा. गावातली चावडी, सावकाराची पेढी, तालमीची खोली ही सगळी कामे अशाच छपराखाली चालत. मग हे सगळे गेले कुठे? सिमेंट स्वस्त झाले आणि फॅशन बदलली, हे उत्तर अर्धेच आहे. उरलेले अर्धे उत्तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचे आहे. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे आपल्याच घरांखाली गेली. दोष मातीच्या गारव्याचा नव्हता. चिखलात रचलेल्या, जोडदगड नसलेल्या जाड दगडी भिंती फुटल्या आणि वरचा मणामणांचा बोजा खाली आला. पण लोकांच्या मनात बसली ती माळवदाची भीती. केंद्र लातूर-धाराशिवच्या सीमेवर असले तरी ही भीती साऱ्या मराठवाड्यात पसरली. स्लॅब जमला तर स्लॅब, नाहीतर पत्रा. ही भीती खोटी होती असे म्हणायचा अधिकार मला तरी वाटत नाही. त्यामुळे 'पुन्हा मातीची घरे बांधा' असे लेख वाचले की मी पान उलटतो.

जुन्याच्या प्रेमातली आणखी एक गफलत सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात जालन्याला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. ती १९०३ मध्ये मोडली. अशा छावण्यांमधून आणि कचेऱ्यांमधून उन्हाळा कसा निघे, याची वर्णने भरपूर सापडतात. दारांना वाळ्याचे पडदे, छताला टांगलेला कापडी पंखा, पंख्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर आणि बाहेर व्हरांड्यात ती दोरी तासन्‌तास ओढणारा माणूस. पडद्यांवर पाणी मारायला पखाल घेतलेला भिस्ती. वीज शून्य, धूर शून्य. आत साहेब गारव्यात फाईल वाचतो आणि तो गारवा बाहेर उन्हात बसलेल्या माणसाच्या खांद्यातून येतो. आजच्या भाषेत या कचेरीला पर्यावरणाचे उत्तम प्रशस्तिपत्र मिळाले असते. म्हणूनच कोणत्याही 'हरित' जागेबद्दल मी पहिला प्रश्न विचारतो तो असा, की दोरी कोण ओढतो आहे?

अभ्यासिकेची दोरी कोण ओढतो, ते पाहू. चाळीस खुर्च्यांची, वरच्या मजल्यावरची, स्लॅबची खोली धरा. नुसते बसलेले माणूस साधारण शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता टाकते, म्हणजे चाळीस मुलांची चार किलोवॅट. एप्रिल-मेच्या चाळीस-बेचाळीस अंशांत तापलेला स्लॅब तर संध्याकाळभर भाजत राहतो. म्हणून दीड टनाची दोन यंत्रे लागतात. जोरात चालताना ती तासाला तीनेक युनिट वीज घेतात. बारा तासांचे छत्तीस युनिट. ही वीज कोळशाची असेल तर तिलाही पाणी लागते. औष्णिक केंद्राने एका युनिटमागे साडेतीन लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये, असा केंद्र सरकारचा २०१५ चा नियम आहे. त्या मर्यादेने धरले तरी आपली एसी खोली दिवसाला सव्वाशे लिटर पाणी पिते; ते पिते दुसऱ्या कुणाच्या तरी गावात. हे आपल्याला २०१३ मध्ये कळायला हवे होते. त्या दुष्काळात परळीचे वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते आणि त्याच उन्हाळ्यात जालना टँकरमागे धावत होते.

मग कूलर? आपली कोरडी हवा कूलरला फार मानवते. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते जवळजवळ पाऊण युनिट विजेइतकी उष्णता शोषते. कूलरला वीज एसीच्या दहाव्या हिश्शाइतकी लागते आणि खिडकी उघडी ठेवावी लागत असल्याने ताजी हवाही येते. बंद एसी खोलीत दुपारी मुले पेंगतात, त्याला अभ्यासाचा कंटाळा जितका कारण तितकीच कोंडलेली हवाही. पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे. तेवढाच गारवा कूलरने आणायचा तर दिवसाला दोनशे लिटरच्या आसपास पाणी लागेल आणि प्रत्यक्षात त्याहूनही जास्त, कारण कूलर बाहेरून आत ओढलेली तापलेली हवाही गार करत असतो. टँकरच्या महिन्यात दोनशे लिटर म्हणजे एका कुटुंबाचे पाणी. 'शुद्ध' पाण्याच्या यंत्राचे वेगळेच. लहान यंत्रात एक लिटर पाणी गाळताना तीनेक लिटर मोरीत जाते. ते क्षारांचे पाणी कूलरमध्ये ओतले तर पॅडवर खडे धरतात; फरशी पुसायला आणि संडासाला मात्र उत्तम चालते.

म्हणजे गारवा आणण्याआधी उष्णता अडवली पाहिजे. पाणचक्कीच्या हौदाने तेच केले, माळवदाने तेच केले. स्लॅबवर पाण्याचा थर आज परवडणार नाही, पण चुन्याचा पांढरा हात परवडतो. पांढरे छत ऊन परत फेकते. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून तट्टी किंवा शेडनेट लावता येते. पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत येऊन बसलेले असते. आणि यांच्याही आधी वेळ. उन्हाळ्यात सकाळची शाळा, सकाळची कचेरी हा आपल्याकडचा जुना रिवाज. पहाटे पाच ते अकरा आणि संध्याकाळी सहानंतर, अशी अभ्यासिका दोन महिने चालवली तर निम्मा प्रश्न यंत्राशिवाय सुटतो.

हे सारे मी एका अभ्यासिकेच्या मालकांना सांगून पाहिले. त्यांनी शांतपणे ऐकले. म्हणाले, "काका, दुपारी पोरं जायची कुठं? त्यांच्या खोलीवर पत्रा आहे." या उत्तरापुढे माझे गॅझेटिअर लटके पडले. खेड्यातून आलेला मुलगा चौघांत एक खोली घेतो, तिच्यावर पत्रा असतो आणि दुपारचे चार तास अंगाची काहिली होऊ नये म्हणून तो एसी खुर्चीचे भाडे भरतो. ज्याला ते जमत नाही, त्याच्यासाठी मागच्या बाजूला 'नॉन एसी' हॉल असतो. तिथे गर्दी जास्त, आणि एसीच्या बाहेरच्या पेट्यांची गरम हवा बऱ्याचदा त्याच हॉलच्या खिडकीशी सोडलेली. एका भिंतीच्या दोन बाजू, आणि दोरी पुन्हा बाहेरच्याच हातात.

जालन्याला एकत्र येऊन असा प्रश्न हाताळायची सवय नाही असेही नाही. बेझनजी फरिदूनजी जालनावाला यांच्या पुढाकाराने निझामी काळात झालेला घाणेवाडीचा तलाव आजही उताराने, पंपाशिवाय, गावाला पाणी देतो. तो गाळाने भरत चालला तेव्हा उद्योजक, व्यापारी, डॉक्टर, शेतकरी अशा सगळ्यांनी पैसे घालून गाळ काढायला घेतला आणि तो गाळ शेतकऱ्यांनी आपापल्या रानात पसरला. एका अभ्यासिकेचे छत त्यामानाने केवढे! मालक म्हणतात, इमारत भाड्याची आहे, छतावर हात फिरवायचा तर घरमालकाला विचारावे लागेल. घरमालक पुण्याला असतात. त्यांचा नंबर मी घेतला आहे. चुना आणि ब्रशचा खर्च मुलांनीच वर्गणीतून काढायची तयारी दाखवली आहे. गच्चीची किल्ली मात्र अजून मिळालेली नाही.