‘मोकळी’ जमीन कोणाची?

मुंबई बेटावरची गर्दी हटवायची तर खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, अशी योजना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांसह सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या शहरासाठी मुक्रर झाले. मुंबईहून पाहणाऱ्याला इथे मोकळी जागाच दिसत होती.

पण ती खरोखरच मोकळी होती काय? खाडीच्या काठी बांध घालून, उघाड्या बसवून, भरतीचे खारे पाणी अडवून इथे पिढ्यान् पिढ्या भात पिकत होते. मिठागरे होती, मासेमारी होती, गुरचरण होते. आगरी, कोळी, कराडी आणि तळोज्यासारख्या गावांतील कोकणी मुसलमान यांची घरे, देवळे, मशिदी, कब्रस्ताने होती. नकाशावर जे पांढरे दिसते ते रिकामे असतेच असे नाही.

या गैरसमजाची किंमत रक्ताने चुकवावी लागली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ धारकाला परत देण्याची योजना आली. विमानतळासाठी हे प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेले. त्या विमानतळासाठी दहा गावठाणे उठली, उलवे टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले.

या इतिहासाचे सार एवढेच : पैसे घेऊन दूर हो, इथपासून विकासात तुझाही वाटा आहे, इथपर्यंत शासनाला यावे लागले. ते आपणहून आले नाही, लोकांनी आणले.

आज पनवेलच्या आसपास, ‘नैना’ क्षेत्रात, पुन्हा मोकळ्या जमिनीचा शोध सुरू आहे. आपल्यापैकी अनेकांच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव आहे, वारस नोंदी रखडल्या आहेत, बहिणींची नावे तर चढलेलीच नाहीत. वाटा मागायचा तर आधी नाव कागदावर हवे. नाही तर आपली जमीनही कुणाला तरी मोकळीच दिसेल.